नवापूर : वर्दी पोहोचेपर्यंत

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं नाव देशभर झालं. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडल्याची ती पहिली अधिकृत नोंद. सरकारी कागदांत संकटाची सुरुवात याच तारखेला होते. मला ते पटत नाही. त्या दिवशी सुरू झाला तो सरकारचा अधिकार : पंचक्रोशीतली प्रत्येक कोंबडी, आजारी असो वा ठणठणीत, मारून पुरण्याचा अधिकार. संकट त्याच्या कितीतरी आधी शेडमध्ये शिरलेलं होतं. त्या मधल्या दिवसांत काय घडत होतं आणि ते तसंच का घडलं, हे समजून घ्यायचं तर घड्याळ अहवालापासून मागे फिरवून पाहावं लागतं.

अहवालाआधी सुमारे तीन आठवडे

जानेवारीचा शेवट. नवापूर हे महाराष्ट्राच्या अगदी टोकाचं गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या त्याच्या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. सुरत-धुळे महामार्ग गावाला लागूनच जातो. तालुका आदिवासीबहुल. सुरतेसारखी मोठी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आणि माल न्यायला रस्ता आणि रेल्वे दोन्ही तयार, म्हणून इथे कुक्कुटपालन वाढलं. अंड्यांच्या कोंबड्यांचे, म्हणजे लेअरचे, मोठमोठे फार्म उभे राहिले. एकेका शेडमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा आणि त्यांत हजारो पक्षी.

फार्मवर रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे मरतूक काढणं. रात्रीतून मेलेले पक्षी पिंजऱ्यातून उचलायचे, मोजायचे, वहीत आकडा लिहायचा आणि शेडमागच्या खड्ड्यात टाकायचे. हजारोंच्या कळपात दिवसाला दोन-चार मेले तर कोणी दखल घेत नाही. जानेवारीच्या अखेरीस नवापूरच्या वह्यांतला हा आकडा वाढू लागला.

वाढला तरी त्याला नाव होतं. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक घराला हा रोग ठाऊक असतो. पक्षी मलूल होतो, हिरवट पातळ हगतो, मान वाकडी करतो आणि मरतो. त्यावर लासोटाची लस असते. फार्मवाले ती देतातच, पण लस देऊनही कधीकधी साथ येते. थंडी ओसरताना मरतूक वाढली की कोणाच्याही तोंडी आधी राणीखेतच येणार. वरवर पाहता राणीखेत आणि बर्ड फ्लू यांत फरक करणं अनुभवी पशुवैद्यालाही अवघड जातं. बर्ड फ्लूत तुरा निळसर पडतो, डोकं सुजतं, पायाच्या नडग्यांवर रक्त साकळल्याचे लाल डाग दिसतात, अंडी एकदम घटतात आणि येतात तीही पातळ कवचाची. पण अशी सगळी लक्षणं प्रत्येक पक्ष्यात एकत्र दिसत नाहीत आणि पुष्कळ पक्षी तर काहीही न दाखवता पटकन मरून पडतात. त्या आठवड्यांत ज्यांनी राणीखेत म्हटलं त्यांना मी मूर्ख ठरवणार नाही. या देशात तोवर बर्ड फ्लू कोणी पाहिलाच नव्हता.

अहवालाआधी सुमारे दहा दिवस

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. ८ फेब्रुवारीला नायजेरियात एच५एन१ सापडल्याचं जाहीर झालं, आफ्रिका खंडातली ती पहिली नोंद. तीनच दिवसांनी इटली आणि ग्रीसमध्ये मेलेल्या रानहंसांत हाच विषाणू सापडला. आदल्या वर्षी, मे २००५मध्ये, चीनच्या चिंगहाय सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले होते. तिथून निघालेली विषाणूची ही शाखा सहा-आठ महिन्यांत तीन खंडांत पसरली. नवापूरचा विषाणूही पुढे याच शाखेतला निघाला. जवळ उकाई धरणाचं विस्तीर्ण पाणी आहे आणि हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात. रोग त्यांनी आणला, की माणसांच्या गाड्यांनी, खाद्याच्या पोत्यांनी, अंड्यांच्या ट्रेंनी आणला, यावर तेव्हाही वाद होते आणि आजही आहेत.

शेडमध्ये मरतूक वाढत होती. अशा वेळी फार्मवाल्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते बाहेरच्या माणसाने जरा सहानुभूतीने पाहायला हवं. लेअर कोंबडी पिलापासून साधारण वीस आठवड्यांनी नीट अंड्यावर येते. तोवर ती सात-साडेसात किलो खाद्य खाते आणि एक पैसा परत देत नाही. त्यानंतरचं वर्षभर ती रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाऊन अंडं देते आणि तेव्हा कुठे मालकाची उसनवारी फिटते. खाद्य उधारीवर, पिलं उधारीवर, शेड कर्जाचं. अशा माणसाने पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ‘माझ्याकडे काहीतरी वेगळंच मरतंय’ अशी वर्दी दिली, तर दुसऱ्या दिवसापासून त्याचं एक अंडंही कोणी उचलणार नाही. आणि रोग राणीखेतच निघाला, तर गेलेली गिऱ्हाइकं परत येणार नाहीत.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या लेखी साऱ्या गोष्टीचं मूळ तीच आहे. बर्ड फ्लूची भरपाई सरकार ज्या पक्ष्यांना स्वतः मारतं, त्यांचीच मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळत नाहीत. त्या दिवसांत नवापूरच्या मालकांना अशी काही भरपाई मिळेल की नाही याचीही खात्री नव्हती, कारण देशात असा प्रसंग पूर्वी आलेलाच नव्हता. पण ती माहीत असती तरी हिशेब असाच झाला असता : जे मेले ते गेले. उरलेले सांगून टाकले तर तेही जाणार. मग गप्प राहून साथ ओसरायची वाट पाहायची, जमेल तेवढा माल काढून टाकायचा. रोग पसरवायचा म्हणून कोणी असं करत नाही. घर वाचवायला जो हिशेब हाताशी असतो, तोच माणूस करतो.

अहवालाआधीचे शेवटचे दिवस

मरतूक हजारोंत गेली तसे नमुने भोपाळला गेले. तिथली उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा ही तेव्हा देशात या विषाणूवर शेवटचा शब्द देणारी जागा होती. तिच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे फट राहिली तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर जाणारी हवा गाळून सोडतात. काम संपवून निघणारा माणूस अंघोळ केल्याशिवाय दाराबाहेर येत नाही.

नमुने म्हणजे मेलेल्या पक्ष्याची श्वासनलिका, फुप्फुस, आतडं, विष्ठेच्या जागेतून घेतलेला बोळा. हे नमुने बर्फात ठेवून न्यावे लागतात. वाटेत बर्फ वितळला तर विषाणू मरू शकतो, मग अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि शेडमध्ये रोग तसाच राहतो. विषाणू आहे हे पक्कं करायला तो वाढवून पाहावा लागतो आणि त्यासाठी वापरतात कोंबडीचंच अंडं : नऊ ते अकरा दिवस उबवलेलं, आत गर्भ असलेलं. कवचाला बारीक छिद्र पाडून नमुना आत सोडायचा, अंडं पुन्हा उबेत ठेवायचं आणि गर्भ मरतो का ते पाहायचं. एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त. जोडीला जनुकांवरून ओळखण्याची तपासणी होते. ती काही तासांत उत्तर देते, पण देशाच्या पहिल्या घटनेचं उत्तर घाईने देता येत नाही. चुकून ‘होय’ म्हटलं तर एका अख्ख्या धंद्याचा घात आणि चुकून ‘नाही’ म्हटलं तर त्याहून वाईट.

अंड्यातला गर्भ भोपाळमध्ये मरत होता, त्याच वेळी नवापूरच्या पिंजऱ्यांत काय चाललं असेल? कळपात एकदा हा विषाणू शिरला की दोनेक दिवसांत सारं शेड पडू शकतं. आजारी पक्ष्याची एक ग्रॅम विष्ठा लाखो पक्ष्यांना पुरेल एवढा विषाणू बाळगते, असं पशुवैद्यक सांगतात. विष्ठा थंड राहिली, चार अंशांच्या आसपास, तर विषाणू महिन्याहून जास्त जगतो. सदतीस अंशांत सहा दिवस टिकतो. फेब्रुवारीतल्या नवापूरच्या रात्री थंडच असतात. त्यातून माणसाच्या चपलेला, ट्रकच्या चाकाला, प्रत्येक अंड्याच्या ट्रेला ही विष्ठा लागतच असते. प्रयोगशाळेतला एकेक तास खाली गावात असा मोजला जात होता.

१७ फेब्रुवारीला इजिप्तनेही आपल्याकडे एच५एन१ सापडल्याचं सांगितलं.

शून्य तास

१८ फेब्रुवारी. अहवाल आला : एच५एन१. केंद्रात कृषिमंत्री शरद पवार, राज्यात मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि पशुसंवर्धन खातं अनीस अहमद यांच्याकडे. त्याच दिवशी फ्रान्सनेही एका रानबदकात हा विषाणू असल्याची खात्री दिली. बातम्यांत दोन्ही देश शेजारी-शेजारी आले.

यापुढची गती पाहण्यासारखी आहे. तीन आठवडे रेंगाळलेली गोष्ट आता तासांत पळू लागली. नकाशावर दोन वर्तुळं पडली. लागण झालेल्या जागेपासून तीन किलोमीटरचं वर्तुळ : आतला प्रत्येक पाळीव पक्षी मारायचा. दहा किलोमीटरचं वर्तुळ : आतून बाहेर किंवा बाहेरून आत कोंबडी, अंडं, खाद्य, खत काहीही हलणार नाही, बाजार आणि दुकानं बंद, घरोघर पाहणी. माणसांचीही तपासणी सुरू झाली, ताप-खोकल्याच्या रुग्णांना वेगळं ठेवलं गेलं, नमुने गेले. माणसांत लागण सापडली नाही. हे त्या दिवसांतलं फार मोठं समाधान होतं.

तीन किलोमीटर म्हणजे किती, ते कागदावर कळत नाही. मी आमच्या खुलताबादच्या नकाशावर मोजून पाहिलं. भद्रा मारुतीपाशी कंपासची सुई टेकवली तर तीन किलोमीटरांत सगळं गाव, दर्ग्यांभोवतीच्या वस्त्या आणि आजूबाजूची शेतवस्ती येते. दहा किलोमीटरच्या रेषेत वेरूळ, दौलताबाद आणि म्हैसमाळ तिन्ही येतात. मोठा फार्म असला तर एखादा. पण दारात खुराडं असलेली घरं किती! चार कोंबड्या, एक कोंबडा, पाटीखाली पिलं. पाहुणा आला तर एक कापायची, पोराची फी भरायची वेळ आली तर दोन विकायच्या. ही संपत्ती बाईच्या हातातली असते आणि बहुतेक घरांत तिच्या हातात असलेली तेवढीच. वर्तुळ फार्म आणि खुराडं यांत फरक करत नाही. विषाणूही करत नाही, म्हणून वर्तुळाला करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण पैसे देणाऱ्याला तो फरक करता येतो. दारात फिरणारी गावरान कोंबडी आज काही शे रुपयांना जाते. तिचा सरकारी दर पिंजऱ्यातल्या कोंबडीएवढाच.

आणि हा अधिकार आला कुठून? जनावरं मारण्याची सरकारी सत्ता आपल्याकडे जुनी आहे. घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासाठी इंग्रजांनी १८९९मध्येच कायदा केला होता. पण पक्ष्यांसह सगळ्या जनावरांच्या साथींना पुरेल असा देशभराचा एकच कायदा २००६च्या त्या शनिवारी अस्तित्वात नव्हता. नवापूरचं काम चाललं ते केंद्राच्या कृती आराखड्यावर, राज्याच्या जुन्या कायद्यावर आणि जिल्हा प्रशासनाच्या हुकमांवर. प्राण्यांमधील संक्रामक आणि सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम आला तो २००९मध्ये. त्याने १८९९चा कायदा रद्द केला आणि पशुवैद्यकाच्या हातात थेट सत्ता दिली : रोग पसरू नये म्हणून किंवा माणसांच्या आरोग्यासाठी गरज वाटली तर लागण झालेलं जनावर मारण्याचा लेखी हुकूम तो देऊ शकतो, इतर कोणत्याही कायद्यात काहीही लिहिलेलं असो. याच कायद्याने मालकावरही एक कर्तव्य टाकलं. अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला की त्याने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं. कायद्याचं उल्लंघन पहिल्यांदा झालं तर हजार रुपयांपर्यंत दंड. ज्याचं लाखाचं शेड पणाला लागलं आहे, त्याला हजाराची भीती किती वाटेल?

अहवालानंतरचे पहिले २४ तास

रविवार, १९ फेब्रुवारी. मारायला सुरुवात झाली.

त्या कामाबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं आहे. पशुसंवर्धन खात्याची माणसं इतर ठिकाणांहून बोलावली गेली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, गॉगल, मास्क, दोन-दोन हातमोजे. नंदुरबारच्या फेब्रुवारीतल्या दुपारी त्या पोशाखात माणूस घामाने निथळतो, गॉगलवर वाफ धरते, समोरचं दिसेनासं होतं. विषाणूवरचं औषध, ओसेल्टामिविर, खबरदारी म्हणून त्यांना दिलं गेलं. ही माणसं कोण होती? पशुधन विकास अधिकारी, पर्यवेक्षक, परिचर. म्हणजे गायीचं अडलेलं वासरू सोडवणारी, बकरीला लस टोचणारी, ‘डॉक्टरसाहेब, वाचंल ना?’ या प्रश्नाला उत्तर देणारी माणसं. जनावर जगवायचं शिक्षण घेतलेल्यांना त्या दिवशी मारायला पाठवलं होतं.

पद्धत सोपी आहे आणि सांगायला जड आहे. पक्षी पिंजऱ्यातून काढायचा आणि मानेचा मणका निखळवायचा. मग पोतं भरायचं. जेसीबीने खणलेला खड्डा, त्यात चुना, त्यावर पक्षी, पुन्हा चुना, वर माती दाबून. केंद्राच्या आराखड्यात याचं मापही दिलेलं आहे : दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्ड्यात साधारण १,८०० पक्षी मावतात. पक्ष्यांबरोबर अंडी, खाद्य, तूस, विष्ठा सगळं पुरायचं. रिकामं शेड धुऊन, जंतुनाशक फवारून, चुन्याने सारवून कुलूप लावायचं. हे एका शेडमध्ये झालं की पुढचं शेड.

गावात राग होता. पक्षी धडधाकट दिसतायत, खातायत, आज सकाळीही अंडी दिलीत, मग मारता कशाला? या प्रश्नाचं उत्तर शास्त्राकडे आहे. लागण झालेला पक्षी आजारी दिसण्याआधीच विषाणू टाकू लागतो. आजाऱ्यांनाच वेचून मारायचं म्हटलं, तर विषाणू नेहमी एक दिवस पुढे राहतो. म्हणून वर्तुळ. पण हे समजावून सांगायला त्या दिवशी कोणाकडे वेळ नव्हता.

आणि भाव? अंड्यावरच्या कोंबडीला ४० रुपये, ब्रॉयलरला ३०, पिलाला १०. सात किलो खाद्य खाऊन नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी चाळीस रुपयांना घेतली जात होती.

पहिले ७२ तास

हाँगकाँगचा दाखला इथे द्यायला हवा, कारण या निर्दय वाटणाऱ्या अधिकाराची बाजू तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. १९९७मध्ये तिथे हा विषाणू पहिल्यांदा माणसांत आला. अठरा जणांना लागण झाली आणि सहा जण दगावले. २९ डिसेंबरपासून तीन दिवसांत तिथल्या सरकारने शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या, सुमारे तेरा लाख. त्यानंतर माणसांतली साथ थांबली. हा अधिकार सरकारकडे असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे ते त्यामुळे. कोंबडीतला हा विषाणू माणसाकडून माणसाला सहज लागायला शिकला तर काय होईल, हे करोना पाहिलेल्या आपल्याला समजावून सांगायला नको.

पण तासांची घाई आंधळी होऊ शकते, हेही ब्रिटनने २००१मध्ये दाखवलं. लाळ्या-खुरकुताच्या साथीत तिथे नियम केला : रोग आढळलेल्या शेतावरची जनावरं २४ तासांत आणि लगतच्या शेतांवरची ४८ तासांत मारायची. साठ लाखांहून अधिक जनावरं मारली गेली आणि त्यांतल्या पुष्कळांना रोग नव्हताच. या मारण्याच्या गरजेवर तिथले शास्त्रज्ञ अजून भांडतात. तरी एक गोष्ट तिथे आपल्याहून वेगळी होती : मारलेल्या जनावरांची किंमत बाजारभावाने ठरवली जाई.

इकडे महाराष्ट्रात बहात्तर तासांच्या आत बाजार कोसळला होता. नवापूरपासून शेकडो कोस दूर, जिथे एकही पक्षी आजारी नव्हता, तिथल्या फार्मवाल्यांचंही चिकन कोणी घेईना. रेल्वेने जेवणातून कोंबडी आणि अंडी काढली. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, सत्तर अंशांना तो मरतो आणि आपल्या घरी रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. हे सरकारने परोपरीने सांगितलं. लोकांनी ऐकलं नाही. मारण्याच्या वर्तुळाची त्रिज्या तीन किलोमीटर होती, नुकसानीच्या वर्तुळाला सीमा नव्हती. मारण्याच्या वर्तुळाबाहेरच्या लोकांना भरपाई मिळायचा प्रश्नच नव्हता.

पाच दिवस

पाच दिवसांच्या आसपास नवापुरातलं मारण्याचं काम उरकलं. अडीच लाखांहून अधिक पक्षी आणि साडेपाच लाखांहून अधिक अंडी नष्ट झाली होती. कामाचा वेग म्हणून पाहिलं तर हे थक्क करणारं आहे. पहिल्याच खेपेला, सराव नसताना, आपल्या खात्याच्या माणसांनी ते करून दाखवलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

वर्तुळ राज्याच्या हद्दीपाशी थांबणारं नव्हतं. पलीकडे गुजरातमधल्या उच्छलला रोग सापडला. संविधानात पशुरोग प्रतिबंध हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे, पण एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारी साथ समवर्ती सूचीत येते, म्हणजे तिथे केंद्रही कायदा करू शकतं. ज्याच्या स्थानकाच्या मधून राज्याची सीमारेषा जाते, त्या नवापूरइतकं ही तरतूद का हवी ते दुसरं कोणतं गाव दाखवणार?

चौथा आठवडा आणि पुढे

मार्चच्या मध्यात जळगाव जिल्हा. हातेड, मारूळ, सावदा. इथे रोग सापडला तो मुख्यतः दारातल्या कोंबड्यांत. पिंजऱ्यांची रांग रिकामी करणं सोपं असतं. पण अंगणात, झाडावर, छपरावर बसणारी कोंबडी पकडायला घरोघर फिरावं लागतं आणि बाई ती पदराआड लपवते. त्यानंतर मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापूरला लागण निघाली. ऑगस्टमध्ये भारताने आपण रोगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्या पहिल्या लाटेत तीन राज्यांत मिळून सुमारे १० लाख ४४ हजार पक्षी मारले गेले आणि सुमारे २ कोटी ७० लाख रुपये भरपाई वाटली गेली. भागाकार करा. पक्ष्यामागे साधारण २६ रुपये पडतात.

पंधरा वर्षांनंतर

११ जानेवारी २०२१. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात मेलेल्या शेकडो कोंबड्यांचा अहवाल आला : बर्ड फ्लू. फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. तोच तालुका, तोच महिना. पुन्हा पांढरे पोशाख, पुन्हा जेसीबी, पुन्हा लाखोंची विल्हेवाट.

मधल्या काळात काही शहाणपण आलं होतं, ते सांगायलाच हवं. मारण्याचं वर्तुळ तीन किलोमीटरवरून एक किलोमीटरवर आणलं गेलं. जिल्ह्या-जिल्ह्यांत कृती दलं तयार झाली. दर वाढले : आठ आठवड्यांपुढच्या लेअरला ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला ७०, पिलांना २०, अंड्याला ३ रुपये आणि नष्ट केलेल्या खाद्याला किलोमागे १२ रुपये. केंद्र आणि राज्य ही रक्कम निम्मी-निम्मी उचलतात.

मुख्य गोष्ट मात्र होती तिथेच राहिली. मेलेल्या पक्ष्याला काही नाही.

याला दुसरी रीत असू शकते, हे आपल्याच सरकारने वर्षभरानंतर दाखवलं. २०२२मध्ये गुरांत लम्पी त्वचारोगाची साथ आली. सप्टेंबरमध्ये सगळा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, गुरांचे बाजार बंद झाले. आमच्याकडे मराठवाड्यातही गोठ्या-गोठ्यांत गाठी आलेली जनावरं उभी होती. लम्पीत मारायचा मार्ग घेतला नाही, लस टोचली. आणि रोगाने दगावलेल्या जनावराचेच पैसे दिले : दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. जनावर मेल्याची खबर दिल्याशिवाय पैसे मिळत नसल्याने लोक स्वतःहून दवाखान्यात आले. कुठे किती मेली, याचा आकडा सरकारला रोज कळत होता.

गाय मेली तर सांगितल्यावर पैसे मिळतात, कोंबड्या मेल्या तर सांगितल्यावर उरलेल्याही जातात. मग कोंबडीवाला कधी सांगेल? सगळ्या कोंबड्या मरून संपत आल्यावर. तोवर त्याच्या गेटमधून किती ट्रे, किती पोती, किती चपला बाहेर गेलेल्या असतील!

यावर माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी मालकाने संशयाची लेखी वर्दी दिली, त्या दिवसाची पक्ष्यांची मोजणी भरपाईसाठी धरावी. वर्दीनंतर अहवाल येईपर्यंत रोगाने मेलेला प्रत्येक पक्षी मारलेल्या पक्ष्याच्या दराने मोजावा. नमुना राणीखेत निघाला तरी वर्दी देणाऱ्याला त्या दिवसांच्या अडकलेल्या मालाचे पैसे मिळावेत. खुराड्यातल्या गावरान कोंबडीला तिचा बाजारभाव मिळावा आणि तो जिच्या कोंबड्या असतील तिच्या नावावर जमा व्हावा. हे करायला नवा कायदा लागत नाही. २००९चा कायदा वर्दीचं कर्तव्य सांगतोच. भरपाईच्या योजनेत चार ओळी बदलल्या की पुरे. नवापुरात पहिल्या मरतुकीपासून भोपाळच्या अहवालापर्यंत सुमारे तीन आठवडे गेले. प्रयोगशाळेने त्यांतले दिवसच घेतले, बाकीचे आठवडे वर्दी दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात गेले.